पॉल गॅल्विन : गाडीत रेडिओ चालवून दाखवणारा बॅटरीवाला

गाडीतल्या कंपनी फिटेड स्टिरिओला बाहेरून अँप्लिफायर आणि सबवूफर जोडायचा असेल, तर चांगला फिटर आधी स्पीकरकडे बघतच नाही. तो बॉनेट उघडतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर कुठून न्यायची, फ्यूज कुठे बसवायचा, अर्थिंग कुठल्या बोल्टला द्यायचं, हे सगळं आधी. बेस किती घुमणार हा विषय शेवटी. पहिल्यांदाच असं काम करून घेणाऱ्याला याचं आश्चर्य वाटतं. पण गाडीतल्या आवाजाचा इतिहास काढला तर तो बराचसा विजेचाच इतिहास निघतो. आणि गाडीतला रेडिओ धंदा म्हणून ज्याने उभा केला तो माणूस ना संगीतातला होता, ना स्पीकर बनवणारा. तो बॅटऱ्या विकायचा, आणि त्यात दोन वेळा बुडाला होता.

त्याचं नाव पॉल गॅल्विन. मोटोरोला ही कंपनी त्याची. आपल्यापैकी बहुतेकांना मोटोरोला म्हटलं की मोबाइल आठवतो, पण त्या नावातला 'मोटर' हा मोटारगाडीतलाच आहे.

पॉलचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड नावाच्या छोट्या गावातला. (प्रसिद्ध विद्यापीठाचा या गावाशी काही संबंध नाही.) गाव रेल्वेच्या जंक्शनवर होतं, गाड्या तिथे थांबायच्या, आणि शाळकरी पॉल फलाटावर प्रवाशांना पॉपकॉर्न विकायचा. पुढे इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षं शिकला, पदवी काही घेतली नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला गेला आणि परत आल्यावर शिकागोत एका बॅटरी कंपनीत नोकरीला लागला. म्हणजे इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण नाही, पण बॅटरीच्या धंद्याची आतली माहिती चांगली.

१९२१ मध्ये एडवर्ड स्टुअर्ट या मित्राबरोबर त्याने विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्डला स्वतःचा बॅटरीचा कारखाना काढला. दोन वर्षांत तो बंद पडला. पॉल घर चालवायला शिकागोत एका मिठाई कारखानदाराकडे सेक्रेटरी म्हणून राहिला. १९२६ मध्ये पुन्हा स्टुअर्टबरोबर बॅटरीचा धंदा सुरू केला, आणि १९२८ मध्ये तोही दिवाळखोरीत गेला. कारखान्याचा लिलाव पुकारला गेला.

या दुसऱ्या बुडण्यात एक गोष्ट मात्र कामाची निघाली. ती समजण्यासाठी १९२० च्या दशकातला घरचा रेडिओ कसा होता ते बघायला हवं. त्यात व्हॉल्व्ह असायचे, म्हणजे काचेच्या नळ्या. व्हॉल्व्हला दोन वेगवेगळ्या प्रकारची वीज लागते. आतली तार तापवायला कमी व्होल्टेज पण भरपूर करंट, आणि प्लेटला जास्त व्होल्टेज पण अगदी थोडा करंट. पहिल्यासाठी ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी वापरायचे आणि दुसऱ्यासाठी ४५ व्होल्टचे कोरडे ठोकळे, एकाला एक जोडून. दिवाणखान्यात ॲसिडची बॅटरी ठेवायची, ती सारखी चार्ज करून आणायची, ठोकळे संपले की टाकून नवे घ्यायचे. घरात वीज आली तरी रेडिओ बॅटरीवरच. मग 'बॅटरी एलिमिनेटर' नावाचा डबा निघाला. एक टोक भिंतीच्या प्लगला, दुसरं रेडिओला, बॅटऱ्यांची सुट्टी. आजच्या भाषेत ॲडॉप्टरच, फक्त आकाराने मोठा.

स्टुअर्ट-गॅल्विन कंपनी असे एलिमिनेटर बनवत होती. लिलावात पॉलने त्या भागाची हत्यारं आणि डिझाइन ७५० डॉलरला परत विकत घेतली. २५ सप्टेंबर १९२८ ला शिकागोत, हॅरिसन स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू झाली. भाऊ जोसेफ बरोबर होता. पाच कामगार, हातात ५६५ डॉलर रोख, आणि पहिल्या आठवड्याचा एकूण पगार ६३ डॉलर.

इथेच गोष्ट संपायलाही हरकत नव्हती, कारण हा धंदाही मरणाराच होता. थेट घरच्या एसी विजेवर चालणारे व्हॉल्व्ह बाजारात आले होते. रेडिओच प्लगला लागायला लागला तर एलिमिनेटर कोण घेणार? आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. एखाद्या प्लॅटफॉर्मची कमतरता भरून काढणारं ॲप तुम्ही बनवता आणि पुढच्या अपडेटमध्ये प्लॅटफॉर्मच ती सोय देऊन टाकतो. पॉलने कंपनी घरच्या रेडिओंकडे वळवली, दुसऱ्यांच्या नावाने विकले जाणारे स्वस्त संच बनवून द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि घरचे रेडिओ गोदामांत पडून राहिले. भाव इतके पाडले गेले की छोट्या कंपनीला त्यात काही उरेना.

घरात जागा नाही, मग गाडीत

मोटारीत रेडिओ बसवणारा पॉल पहिला माणूस नव्हता. हे ठासून सांगायला हवं, कारण इंटरनेटवर 'कार रेडिओचा संशोधक' असं बिनधास्त लिहिलेलं सापडतं. १९२२ पासून लोक गाडीत रेडिओ ठेवत होते, काही कंपन्या विकतही होत्या. पण ते संच अवजड आणि महाग होते, आणि इंजिन चालू असताना त्यांच्यातून कार्यक्रमापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. त्यामुळे हौशी श्रीमंतांपलीकडे ते गेले नाहीत. न्यूयॉर्कच्या भागात काही जण ऑर्डरप्रमाणे गाड्यांमध्ये रेडिओ बसवून देतात हे पॉलच्या कानावर आलं, आणि त्याने ठरवलं की हेच काम कारखान्यात तयार होणाऱ्या, परवडणाऱ्या संचाने करायचं.

१९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन होतं. त्याच्या आत चालणारा नमुना हवा होता. पॉलच्या स्वतःच्या स्टुडबेकर गाडीवर काम सुरू झालं. मदतीला दोन तरुण होते : विल्यम लिअर, जो त्याच इमारतीत रेडिओच्या कॉइल बनवायचा, आणि एल्मर वेव्हरिंग. लिअरचं नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, लिअरजेट विमानं पुढे यानेच काढली.

पॉलच्या टीमसमोर तीन प्रश्न होते, आणि आज अँप बसवताना फिटरसमोर तेच तीन असतात. म्हणून जरा थांबून बघू.

पहिला प्रश्न वीज. गाडीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची होती. व्हॉल्व्हची तार त्यावर तापेल, पण प्लेटला लागणारे शे-दीडशे व्होल्ट कुठून आणायचे? डीसी वीज ट्रान्सफॉर्मरने वाढवता येत नाही. तेव्हाचा उपाय ओबडधोबड होता. गाडीच्या जमिनीला भोक पाडायचं आणि खाली ४५ व्होल्टच्या ठोकळ्यांचा डबा टांगायचा. तीन ठोकळे म्हणजे १३५ व्होल्ट. संपले की नवे. घरातून हद्दपार झालेल्या बॅटऱ्या अशा गाडीच्या पोटाखाली परत आल्या. दोन-तीन वर्षांत 'व्हायब्रेटर' आला आणि सगळ्याच कंपन्यांनी तो उचलला. धातूची एक पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरते, बॅटरीच्या डीसीचे तुकडे पाडते, ते तुकडे ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचे आणि परत सरळ करून डीसी करायचे. जुन्या गाड्यांचा रेडिओ लावला की आधी बारीक गुणगुण ऐकू येते ती या पट्टीची.

आता तुमच्या गाडीत या. कंपनीच्या स्टिरिओवर '५० वॉट गुणिले ४' असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना विजेच्या लाइनवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्पीकरच्या दोन्ही वायरी उलटसुलट ढकलून जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचं टोक गाठता येतं, म्हणजे आरएमएस सुमारे १०.२. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागा : २६ वॉट. ही झाली कागदावरची कमाल. खऱ्या चिपमध्ये थोडं व्होल्टेज वाया जातं, म्हणून स्वच्छ आवाजाचे २० वॉटच्या आसपास मिळतात. बाकीचे वॉट स्टिकरवरचे. सबवूफरला जास्त हवे असतील तर व्होल्टेजच वाढवावं लागतं, आणि बाहेरून घेतलेल्या अँपच्या पेटीत पहिलं काम तेच चालतं. डीसीचे तुकडे, ट्रान्सफॉर्मर, परत डीसी. पट्टीच्या जागी मॉसफेट आलेत आणि ते सेकंदाला शंभर वेळा नाही तर हजारो वेळा चालू-बंद होतात, एवढाच फरक. आत ३० व्होल्ट अधिक आणि ३० उणे तयार झाले की त्याच ४ ओहमवर शंभर वॉटच्या वर जाता येतं.

दुसरा प्रश्न खरखर. पेट्रोल इंजिनातली प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो. हर्ट्झने रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवल्या त्याही ठिणगीनेच. मिनिटाला हजारो ठिणग्या उडत असताना शेजारी, काही फुटांवर, दूरच्या स्टेशनचा नाजूक सिग्नल पकडायचा. त्यावर शिकागोतल्या टीमचा आणि तेव्हाच्या इतरांचाही इलाज म्हणजे : प्लगच्या वायरींत आणि डिस्ट्रिब्युटरवर रेझिस्टर, जनरेटरवर कपॅसिटर, आणि रेडिओभोवती धातूची पेटी. हे काम आकडेमोडीपेक्षा चिकाटीचं होतं. एक आवाज दाबला की त्यामागे लपलेला दुसरा ऐकू यायचा. आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या प्लगमध्ये रेझिस्टर आतच असतो. प्लगच्या नंबरात 'आर' अक्षर दिसलं तर बहुतेक वेळा ते त्याचंच.

तिसरा प्रश्न जागा. डॅशबोर्डमध्ये रेडिओसाठी खाचच नव्हती. मग रेडिओची पेटी एकीकडे, स्पीकर दुसरीकडे, आणि बटणं स्टिअरिंगच्या दांड्यावर, मधे लवचीक केबल. ज्या गाडीची रचना करताना कोणी तुमचा विचारच केलेला नाही तिच्यात घुसायचं, हे आफ्टरमार्केटवाल्यांचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

नमुना वेळेत तयार झाला. पॉल शिकागोहून अटलांटिक सिटीपर्यंत, म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त, ती स्टुडबेकर चालवत गेला. संमेलनात स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्याने गाडी बाहेरच उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून ऐकवायला लागला. घरी परतताना खिशात काही ऑर्डरी होत्या.

मला या प्रसंगात धाडसापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या रेडिओची खरी चाचणी त्या हजार किलोमीटरची होती. कारखान्यात उभ्या गाडीत चालणारा रेडिओ आणि खडखडत्या रस्त्यावरून एवढं अंतर येऊन मग चालणारा रेडिओ, यात फार फरक आहे. ज्या डीलरांना माल घ्यायचा होता त्यांना तो फरक कळत होता.

आग लागलेली पॅकार्ड

सगळ्या गाड्या इतक्या गुणी निघाल्या नाहीत. कंपनीत पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेलेली एक गोष्ट अशी : पॉलला बँकेचं कर्ज हवं होतं, म्हणून त्याने बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासाने त्या गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी वाटते, पण अँप बसवणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. गाडीची बॅटरी व्होल्टेजने गरीब दिसते, १२ व्होल्टचा शॉकही लागत नाही. पण तिची दोन टोकं चुकून जुळली तर ती शेकडो अँपिअर करंट ओतते आणि वायर लाल होते. ३०० वॉटचा अँप पूर्ण जोरात चालला तर २५ ते ३० अँपिअर ओढतो. त्याची वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत सगळ्या गाडीच्या धातूच्या अंगाला घासत जाते. कुठेतरी तिचं प्लास्टिक सोललं की झालं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ, दीड फुटाच्या आत लावायचा. अँपच्या पेटीतला फ्यूज अँपला वाचवतो, वायरला नाही. पैसे वाचवायला स्पीकर हलका घ्या हवं तर, पण वायर आणि फ्यूजमध्ये कंजूषी करणाऱ्या फिटरकडे गाडी देऊ नका.

१९३० या वर्षाअखेर कंपनीच्या वहीत पावणेचार हजार डॉलरच्या आसपास तोटा होता. रेडिओची किंमत ११० ते १३० डॉलर, आणि फोर्डची नवी मॉडेल ए पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असताना ही रक्कम थोडी नव्हती, त्यात मंदी. तरी मागणी वाढत गेली. मोटोरोला हे नाव याच काळात पॉलने ठरवलं : 'मोटर' आणि पुढे 'ओला', कारण तेव्हा व्हिक्ट्रोला वगैरे ग्रामोफोनच्या नावांमुळे 'ओला' म्हटलं की लोकांच्या डोक्यात गाणं यायचं. आधी ते फक्त रेडिओचं नाव होतं, कंपनीचं झालं ते १९४७ मध्ये. विक्रीबरोबर फिटिंगही शिकवावं लागलं. रेडिओ चांगला आणि बसवणारा कच्चा असेल तर शिव्या रेडिओलाच पडतात, म्हणून कोणत्या गाडीत काय कुठे बसवायचं हे वेव्हरिंगसारखे लोक डीलरांना दाखवत फिरले. पुढे टायरच्या दुकानांमधून विक्री आणि फिटिंग एकत्र मिळू लागलं.

१९३६ मध्ये कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी रेडिओ काढला. तो एकाच ठरलेल्या स्टेशनवर लावलेला असायचा आणि फक्त ऐकता यायचं, उत्तर देता यायचं नाही. दिसायला साधी गोष्ट, पण यातून पॉलची कंपनी करमणुकीतून संपर्काच्या धंद्यात गेली. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्याने जर्मनी पाहिला आणि युद्ध येणार असं मनाशी घेऊन परतला. १९४० मध्ये हातात धरून बोलता येणारा हँडी-टॉकी तयार झाला, तोच पुढे अमेरिकी सैनिकांच्या हातात लाखाहून जास्त संख्येने गेला. पाठीवर वागवायचा एफएम वॉकी-टॉकी १९४३ चा, डॅनियल नोबल या इंजिनिअरच्या टीमचा. फोटोंमध्ये सैनिकाच्या कानाला चिकटलेला फोनसारखा ठोकळा दिसतो त्याला सगळे वॉकी-टॉकी म्हणतात, पण तो हँडी-टॉकी.

घरी मात्र ही वर्षं फार वाईट गेली. १९४२ मध्ये पॉलची पत्नी लिलियन हिचा राहत्या घरात खून झाला, घरकाम करणारी बाईही त्यात मारली गेली. १९४४ मध्ये भाऊ जोसेफ गेला, पहिल्या दिवसापासून कारखान्याची रोजची बाजू सांभाळणारा. पॉल कामावर येत राहिला. १९४७ मध्ये कामगारांना नफ्यात वाटा देणारी योजना सुरू झाली, १९४८ मध्ये १८० डॉलरच्या आतला टीव्ही आला आणि खूप खपला. मुलगा बॉब १९५६ मध्ये अध्यक्ष झाला.

पट्टी गेली, ट्रान्झिस्टर आला

पॉलच्या शेवटच्या दशकातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम परत गाडीकडेच येतं. १९४९ मध्ये नोबलच्या आग्रहाने फिनिक्सला संशोधनाची प्रयोगशाळा उघडली गेली. ट्रान्झिस्टरचा शोध लागून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. १९५५ मध्ये मोटोरोलाने जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर बाजारात आणला, तो मुख्यतः कार रेडिओसाठी. याचं महत्त्व असं की पॉवर ट्रान्झिस्टर १२ व्होल्टवर स्पीकर हलवू शकतो. अमेरिकन गाड्याही त्याच सुमारास ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या होत्या. मग शे-दीडशे व्होल्ट बनवायचेच कशाला? व्हायब्रेटरची थरथरती पट्टी, जी झिजायची आणि चिकटायची, ती नको. अवजड ट्रान्सफॉर्मर नको. पंचवीस वर्षं कार रेडिओच्या पोटात असलेला विजेचा छोटा कारखाना निघून गेला आणि रेडिओ डॅशबोर्डच्या खाचेत मावायला लागला.

म्हणून कंपनी फिटेड स्टिरिओ आज इतका सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच त्याची ताकद वीस-पंचवीस वॉटवर अडते. सबवूफरसाठी अँप लावला की तो काढून टाकलेला कारखाना आपण डिकीत परत आणतो.

पॉल गॅल्विन ५ नोव्हेंबर १९५९ ला ल्यूकेमियाने गेला. लिअरने नंतर आठ ट्रॅकची टेप काढली आणि १९६५ मध्ये फोर्डच्या नव्या गाड्यांत तिचे प्लेअर मिळू लागले, ते बनवणारी कंपनी मोटोरोलाच होती. मनात येईल ते स्टिरिओ गाणं गाडीत लावायची सवय अमेरिकेत तिथून पसरली. वेव्हरिंग कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला आणि गाडीच्या जुन्या जनरेटरच्या जागी ऑल्टरनेटर आणण्याच्या मोटोरोलाच्या कामात पुढे होता. अर्थिंग नीट नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सबवूफर आणि स्पीकरमधून जी चढत जाणारी शिट्टी येते, ती याच ऑल्टरनेटरची. तशी शिट्टी आली तर अँप बदलू नका. आधी त्याची काळी वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसली आहे का ते बघा, आणि ऑडिओची केबल बॅटरीच्या वायरीपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.